उजवीकडची सीट

वकिलातीच्या लिलावात बाबांनी ती घेतली तेव्हा
स्टिअरिंग डावीकडे होतं, काटा मैलांत मोजत होता,
आणि क्लच नव्हता.
जर्मन आहे, डिझेल आहे, भाग मिळणार नाहीत,
सगळे सांगत होते.
क्लच नाही ना? मग झालं, म्हणाले बाबा.
आईच्या पाटल्या त्याच आठवड्यात गेल्या.

डावा पाय तिसऱ्या वर्षीच तापात गेलेला.
तो ते दोन्ही हातांनी उचलून आत ठेवत,
भाजीची पिशवी ठेवावी तसा,
मग दार ओढून घेत.
तिजोरीसारखं लागायचं ते दार.
त्याच्या आत बाबांना चाल नव्हती,
फक्त वेग होता.

किल्ली एक घर फिरवायची. पिवळं वेटोळं पेटायचं.
थांब, तापू दे तिला.
वेटोळं विझेपर्यंत मी श्वास धरून.
मग ती खोकायची, पत्र्यासकट हलायची,
शीतलादेवीच्या देवळाबाहेरची कबुतरं उडवायची
आणि लागायची पाच सिलिंडरवर :
धी ना, धी धी ना.
अर्धा झपताल, बाबा म्हणायचे,
उरलेला अर्धा रस्ता वाजवतो.

उजवीकडे मी. वय नऊ.
स्टिअरिंग नसलेली ड्रायव्हर.
पुढे ट्रक असला की डावीकडून त्यांना समोरचं दिसायचं नाही,
मी खिडकीतून मान काढायची.
बोल, रेवे.
टँकर येतोय. थांबा. रिक्षा. थांबा.
आता!
बाबा पाय दाबत
आणि काहीच होत नसे.
एक. दोन.
मग कुठूनतरी टर्बोची बारीक शीळ,
गिअर मनातल्या मनात विचार बदलून एक पायरी खाली,
आणि सगळी गाडी,
ते मैल, त्या पाटल्या, तो पाय,
ट्रकच्या पुढे.
हळूहळू त्या एक-दोनचा हिशोब मला जमला :
आता म्हणायचं ते
आताच्या थोडं आधी.

एकदा घोडबंदरला चुकले.
एस.टी.चा लाल रंग माझ्या कोपराइतका जवळून गेला.
बाबांनी गाडी कडेला घेतली, पण इंजिन बंद केलं नाही.
गरम टर्बो एकदम बंद करायचा नसतो,
मिनिटभर नुसतं चालू द्यायचं.
मला वाटलं, गाडीबद्दल बोलतायत.
कपाळावरची शीर उडत होती त्यांच्या.
मिनिटभरानं म्हणाले,
शहाळं पिणार?

यंदा मार्चमध्ये बाबा गेले.
गाडीचे कागद आधीच संपले होते.
रे रोडला हातिमभाईच्या गॅरेजात ती मीच नेली,
सुट्या भागांसाठी,
अठ्ठेचाळीस हजारांना.
सगळा पी. डिमेलो रोड एका कंटेनरच्या मागे आले.
उजवीकडच्या सीटवर पावतीपुस्तक होतं
आणि एक केळं.
आता म्हणायला कुणी नव्हतं.

गॅरेजात किल्ली फिरवली, काढली, मुठीत घेतली.
ती चालूच.
धी ना, धी धी ना.
मी घाबरून हाताकडे बघितलं.
व्हॅक्यूमची नळी चिरली असणार, हातिमभाई म्हणाला,
किल्लीचं ऐकत नाही मग ही.
बॉनेट उचलून त्यानं एक लाल खटका दाखवला,
अंगठ्याएवढा,
तेल लागून काळा पडलेला.
हा दाबा. तुम्हीच दाबा.

मी अंगठा टेकवला.
ऊन होता तो खटका.

एक मिनिट, म्हटलं मी,
टर्बो गरम आहे.

हातिमभाईनं मान हलवली,
स्टूल पुढे सरकवलं
आणि घड्याळाकडे बघितलं नाही.