बदली

रात्री साडेअकराला कामं येतात.
त्याआधी मी घेवडा भिजत घालते,
खिडकीच्या फटीत जुनं वर्तमानपत्र कोंबते,
तेच, ज्याची मुद्रितं मी एकवीस वर्षं तपासली
आणि ज्याच्या शेवटच्या अंकातही
तीन चुका पकडल्या होत्या.
कुणी दुरुस्त केल्या नाहीत.

आता पडद्यावर दोन उत्तरं शेजारी शेजारी.
अ बरं की ब? की दोन्ही सारखीच टाकाऊ?
का, ते सांगा, तीस शब्दांत.
वर कोपऱ्यात घड्याळ उलटं चालतं.
माझ्या भाषेचे तासाला चार डॉलर.
माझी बहीण लामारा तिकडे इटलीत, बारीला,
कुणाच्या तरी आईला न्हाऊ घालते. तिला सहा.
फोनवर म्हणते, तुझं बरंय, बसून आहेस.
खरंय. बसून आहे.
पाठीचा कणा रिओनी नदीवरच्या जुन्या पुलासारखा :
वापरात आहे, इतकंच.

यंत्राची जॉर्जियन म्हणजे नवा जावई,
सगळे प्रत्यय इस्त्री केलेले, ताटाबाहेर शीत नाही.
शिवी येत नाही.
पाहुण्याला तिसऱ्यांदा वाढताना काय म्हणायचं, तेही नाही.
मी शेरा मारते : व्याकरण निर्दोष, माणूस गैरहजर.
तपासनीस कळवतो : शेरा नेमका हवा.
त्याला नाव नाही, क्रमांक आहे.
इथेच कुताइसीत, दोन गल्ल्या सोडून राहत असेल,
त्याचाही घेवडा भिजत असेल.

फेब्रुवारीत एक शब्द आला : गेनात्स्वाले.
यंत्राने अर्थ दिला होता, 'प्रिय'.
मी थांबले. घड्याळ थांबलं नाही.

आई हा शब्द कुणालाही म्हणायची.
गॅसचं मीटर बघणाऱ्या झुरीकोला,
लंगड्या कोंबडीला,
शेवटी शेवटी सलाईन लावणाऱ्या नर्सला.
नस सापडत नव्हती, पोर रडकुंडीला आलेली,
आणि जिच्या हातात सुई घुसत होती तीच म्हणत होती,
गेनात्स्वाले, होतं असं, पुन्हा बघ.

चौकटीत मी लिहिलं :
प्रिय नव्हे. तुझ्या जागी मी होईन.
तुझं दुखणं मला येवो, इडापीडा माझ्यावर,
तू मोकळी हो.
मग नर्सचं लिहिलं. कोंबडीचंही लिहिलं.
चौकट लाल झाली.
कोंबडी काढली.
सतरा मिनिटं गेली, पैसे चार मिनिटांचे.

मे महिन्यात पत्र, बिनसहीचं :
आपल्या भाषेचं काम पूर्ण झालं आहे.
दर्जा अपेक्षेहून चांगला. आभार.
भाषा पूर्ण झाली, हे मी पहिल्यांदाच ऐकलं.
शिल्लक कामं : शून्य.
आठ दिवस मी साडेअकराला त्या शून्याशी बसले.
सवय.

काल खालच्या मजल्यावरचा बाचो वर आला.
गाल सुजलेला, आई कामावर.
आधी फोनला विचारून झालं होतं.
फोनने मिठाच्या गुळण्या सांगितल्या, डॉक्टर सांगितला,
आणि शेवटची ओळ त्याने मला वाचून दाखवली :
गेनात्स्वाले, आईला कळव.

मी चूक शोधली. हात आपोआप जातो.
शब्द जागेवर होता. स्वल्पविरामसुद्धा.
ज्याला दाढ नाही ते म्हणत होतं, तुझी दाढ मला दुखो.
बाकी काही त्याला जमणार नाही,
पण कुणाच्या तरी जागी होणं त्याला जमलं.
ती जागा खिडकीपाशी होती, फटीतून वारा येणारी.

बाचो म्हणाला, तू हसतेस का?
तोंड उघड, म्हटलं. टॉर्च धरला.
डावीकडे, खाली, मागून दुसरी.
मग कोमट पाण्यात मीठ टाकलं
आणि ढवळत राहिले.
खडे जाड होते, वेळ लागला.