ग्रिम्सबीहून, सुट्टीत

गोदीवरून वारा फिरला
की शुक्रवारच्या शेवटच्या तासाला वर्गात मासळी शिरते.
मी खिडकी लावते. फळ्यावर दोन समांतर रेषा ओढते,
म्हणते, या कधीच भेटत नाहीत.
"मग काय बिघडलं, मिस?"
मागच्या बाकावरून रीस ब्लँचर्ड, खुर्चीच्या दोन पायांवर.

मी मिरजेची. जंक्शनची पोर.
आमच्याकडे गाडी थांबायची ती पुढे जायला,
कुणी म्हणत नसे, मिरज आली, संपलं.
त्यामुळेच असेल,
इथे आल्यापासून दर सुट्टीत
मी रूळ संपतो तिथवर जाऊन येते.

ऑक्टोबरात पेन्झन्स.
नाताळ उलटल्यावर थर्सो: डब्यात मी, गार्ड
आणि कुणाची तरी भिजलेली कुत्री.
फेब्रुवारीत मॅलेग. धुकं इतकं की
समुद्र आहे हे बगळ्यांवर विश्वास ठेवून मानलं.
सगळीकडे तेच. दोन लाल ठोकळे,
ठोकळ्यांमागे गवत, बंद कॅन्टीन.
ठोकळ्यावर हात ठेवायचा,
थर्मासमधला चहा प्यायचा,
परतीची गाडी धरायची.

सुमनवहिनी फोनवर: "अगं, पण लंडन बघितलंस की नाही?"
बघितलं ना. गाडी बदलताना.

सुट्टीनंतरच्या सोमवारी
निम्मा वर्ग टेनेरीफच्या उन्हात भाजून आलेला,
नाकांची सालं निघालेली.
उरलेले वह्यांत बघतात.
कुठे गेला होतास, असं त्यांना विचारायचं नसतं,
हे मला दुसऱ्या वर्षी कळलं.
पहिल्या वर्षी मी रीसला विचारलं होतं.

मिरजेच्या शाळेत असल्या पोराला मी
"गाढवा!" म्हणत असे,
निम्म्या वेळा मायेनं.
इथे असलं काही चालत नाही. सही करून दिलीय तशी.
म्हणून तो शब्द जिभेखाली ठेवून
"रीस, प्लीज," म्हणते,
आणि खुर्ची डुगडुगतच राहते.

मे महिन्यात गुडघा सुजला.
वेल्सचं तिकीट वाया गेलं.
मग गेले क्लीथॉर्प्सला, इथून आठ-दहा मिनिटं.
सहा वर्षांत गेले नव्हते,
घराशेजारचा शेवट कोण बघायला जातं!

फलाट संपतो न संपतो तोच समुद्र.
म्हणजे असायला हवा. ओहोटीनं तो इतका लांब गेलेला
की त्यालाही हाफ टर्म लागलेली.
वाळूवर गाढवांची रांग,
कपाळपट्टीवर एकेकाचं नाव: डेझी, मफिन, कर्नल.
आणि पुढे, दोर धरून, रीस.

एका रडव्या पोरीला तो वर बसवत होता.
"थांब. आधी त्याला तुझा हात हुंगू दे.
घाई केलेली त्याला आवडत नाही."
मी वीस मिनिटं उभी होते, दुखऱ्या पायावर.
तो एकदाही चुळबुळला नाही.

मग दिसले मी त्याला.
"मिस? तुम्ही इथे कशाला?"
"रूळ संपतो ते बघायला."
त्यानं स्टेशनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"मग काय? तिथून पुढे कर्नल नेतो ना. पिअरपर्यंत. तीन पौंड."
जरा थांबून, अदबीनं:
"तुम्हाला नाही नेणार, मिस. आठ स्टोनपर्यंतच."

मी मफिनचा दोर धरला आणि लंगडत निघाले.
मागे वळून पाहिलं तर वाळूवर आमच्या दोन रांगा,
मध्येच एकमेकींत घुसलेल्या, पुन्हा सुटलेल्या.
गाढवं सरळ चालत नाहीत.
भूमितीला ती कुणी सांगितलेली नाहीत.

सोमवारी पुन्हा वारा, मासळी, खिडकी.
पुन्हा खुर्ची दोन पायांवर.
या वेळी मात्र जिभेखालचं निसटलंच:
"गाढवा!"
"म्हणजे काय, मिस?"
नोकरी गेली, असं म्हणत
मी अर्थ सांगितला.

वर्ग चिडीचूप.
रीसनं खुर्चीचे चारही पाय खाली टेकवले,
खरोखर विचार केला,
आणि विचारलं,
"कुठलं?"