चॅनल क्रमांक त्र्याहत्तर

कुडचड्यात, बाजाराच्या मागे, रायू शेटच्या भुसारी दुकानाच्या माळ्यावर
माझं एवढंसं राज्य:
दोन डिश, एक जुना मिक्सर, खुर्चीचे तीन पाय
आणि चॅनल क्रमांक त्र्याहत्तर.
दिवसभर त्यावर सोनेतारण, शिकवण्या,
गेल्या वर्षीच्या शिगम्याचे चित्ररथ.
रात्री दहानंतर मात्र मला विचारणारं कोणी नसतं.

नायला फुर्तादो जिना चढून आली तेव्हा
तिच्या चपला तांबड्या होत्या.
कॅमेरा विकला म्हणाली, फिल्म पुरी करायला,
आणि स्वतःच हसली त्यावर.
बासष्ट मिनिटं. पाच वर्षं.
लिस्बनला दाखवली, कोरियात दाखवली,
कुठल्याशा परदेशी वाहिनीने पहाटे दोनला दाखवली;
ज्यांची आहे त्यांनी तेवढी पाहिली नाही अजून.
"किती घ्याल?"
मी म्हटलं, चहा घे आधी.

मंगळवारी दहा वाजून दहा मिनिटांनी लावली.
रिवणच्या वरचा तो उष्टा डोंगर.
टिपरांची रांग, शेतात शिरलेला लाल गाळ,
आणि द्रौपदी वेळीप, केळीचं पान अंगठ्याने पुसताना,
पुसून अंगठा आपल्याला दाखवताना.
मग काही न सांगता दुसराच डोंगर,
बोलिव्हियातला की पेरूतला,
टोपी घातलेली एक बाई, मक्याचं पान,
अंगठा.
ती बोलली ते मला कळलं नाही,
खालची अक्षरं भराभर पळत होती.
नायलाने तिथे संगीत घातलं नव्हतं.
बरं केलं.

मी काही सोवळा नाही.
माझी पहिली डिश खनिजाच्याच पैशांची,
बापाचे दोन ट्रक त्याच रांगेत उभे असायचे,
आणि खाण बंद पडली तेव्हा आमच्या चुलीलाही ते कळलं.
अंगठा पाहिला तेव्हा मी माझा अंगठा
पँटला पुसला, उगाच.

फोन वाजायला लागले.
एकजण म्हणाला, तिसरा टिपर माझा, नंबर दिसला!
कंत्राटदाराच्या भाच्याने फार गोड आवाजात विचारलं,
चॅनलचं लायसन कधी संपतं रे तुझं?
उगडो गावकराची बायको म्हणाली,
तो बिडी पेटवतो ना झाडाखाली, तो माझा घोव.
तेवढंच परत लाव. फोटो एकच आहे घरात,
त्यात तो हलत नाही.
लावलं. चारदा लावलं.
काडी पेटायची, विझायची, तो ओंजळ करायचा.

सकाळी द्रौपदी स्वतःच आली, कठड्याला धरून, थांबत थांबत.
वाटलं, स्वतःचा चेहरा पाहायचा असेल.
तिने विचारलं, "ती टोपीवाली. तिचं पुढे काय झालं?"
मला माहीत नव्हतं.
फिल्म तिथे संपते.
"त्या चेडवाला विचार. आणि कळव मला.
म्हणावं, पान पुसून उपयोग नाही,
खालून धुवावं लागतं."

मग पदर सावरून खुर्चीवर बसली,
तीन पायांच्या, तोल सांभाळत.
"आता माझी झर दाखव."

एकेचाळिसावं मिनिट. अकरा सेकंद.
नायलाने पहिल्या वर्षी टिपलेली,
आटायच्या आधीची:
दगडाच्या फटीतून येणारं पाणी, एक नेचा, एक उलटा तांब्या.
"आवाज वाढव," ती म्हणाली.
वाढवला.
"आणखी."
बटण शेवटापर्यंत फिरवलं,
स्पीकर थरथरला, पाल पळाली,
पाणी पत्र्याला लागलं, भिंतींना लागलं,
अकरा सेकंद, परत अकरा, परत.
ती डोळे मिटून बसलेली.

तेवढ्यात खालून, तराजू हातातच धरून,
रायू शेट ओरडला:
"नळ उघडा राहिलाय रे वर!
पाणी वाया जातंय!"