सीझन, एकाहत्तर सालचा

भुसावळच्या कॉलेजात पोरं अकरा, बुटांचे जोड सात.
गोलकीपर रमजान तडवी अनवाणीच,
केळीबागेतून मागून आणलेल्या
दोन टेकूंच्या मधोमध.

जळगावला हरलो.
अमळनेरला काळ्या मातीनं बॉलचा धोंडा केला,
तिथंही.
परतीच्या पॅसेंजरात कळण्याची भाकर,
कोणी कोणाकडे न बघता
पुढं सरकवलेला ठेचा.

मग धुळेकरांची गाडी चाळीसगावला चुकली.
पंच म्हणाले, रिकाम्या गोलात एक मारा,
जिंकलात.
सुपडू झोपे लांबून पळत आला,
मारला :
बांबूला लागला.

रमजानच गेला उसाच्या कडेपर्यंत,
बॉल धोतराला पुसत आणला म्हाताऱ्या राखणदारानं,
तो घेऊन म्हणाला,
"मार ना भो, आता कोन आडवं येतं?"

पंच घड्याळाला चावी देत होते.