अकरा नंबर बघायला आलात नव्हे

या की. चप्पल राहू दे पायातच.
मी दमयंती सांबरेकर, चौदा नंबर.
टेलिफोन एक्स्चेंजमधनं रिटायर झाले
तेव्हापासून असोसिएशनची खजिनदार.
नऊ वर्षं. दुसरं कुणी वही हातात घेत नाही म्हणून.

एजंट तुम्हाला आधी गच्चीवर नेईल.
तिथनं राजहंसगड दिसतो, खरंच दिसतो,
आणि बघता बघता किंमत दोन लाखांनी चढते.
तुम्ही खाली उतरा. नाल्याकडच्या कुंपणाशी जा.
भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीवर एक तपकिरी रेघ आहे,
रंग मारला तरी दिवाळीपर्यंत परत वर येते.
येळ्ळूर रोडला लागून हे सगळं बासमतीचं शिवार होतं.
ते विकलं गेल्याचं
पाण्याला अजून कुणी कळवलेलं नाही.

उतारा मागा. ई-खाता मागा.
नकाशा हातात घेऊन, जिथं बाग लिहिलीय तिथं जाऊन उभे राहा.
आमच्या बागेत सध्या एक ट्रॉली आहे,
चाकं नसलेली, आणि मालक नसलेली.
तीन अध्यक्षांनी तिच्यावर पत्रं लिहिली.
आता तिच्यात मांजर व्यालीय.

महिन्याला आठशे.
नळाला पाणी आठवड्यातनं एकदा, तेही वेळ न सांगता;
'नीरु बंतु' एवढं कन्नड
तुम्हाला पहिल्याच आठवड्यात येईल, झोपेतसुद्धा.
बाकी दिवस बोअर.
बोअरची मोटर शनिवारी संध्याकाळी जळते,
कारण उद्यमबागचा मेकॅनिक रविवारी गावाला जातो.

हां, ती फळी.
कमानीवरची निळी फळी बघितलीत? रिकामी आहे.
लेआउटचं नाव कुठल्या भाषेत वर, कुठल्यात मोठं,
यावर चार सभा झाल्या.
जिनप्पा पेंटर दोनदा शिडी घेऊन आला,
दोनदा चहा पिऊन गेला.
शेवटी ठराव: पुढच्या सभेपर्यंत काही लिहू नये.
तो विषय पुढच्या कुठल्याच सभेत
कुणी काढला नाही.
कुरिअरची पोरं आम्हाला कोऱ्या फळीवाले म्हणतात
आणि पार्सल बरोबर दारात येतं.

बसा. आता आकडा सांगते.
अठ्ठावीस हजार आठशे, अकरा नंबरची थकबाकी.
हुंदऱ्यांनी फळीच्या रागात वर्गणी बंद केली,
मग पोरगा पुण्याला गेला, मग तेही गेले.
नियमावली, कलम नऊ:
थकबाकी माणसामागनं जात नाही, घरात राहते.
हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल.
बघा, एजंटला नेमका आत्ताच फोन आला.

आणखी एक गोष्ट येते घराबरोबर,
ती कलमात नाही.
बारा नंबरचे हिरेमठ सर तुमच्याशी बोलणार नाहीत.
तुमचं काही चुकलेलं नसेल,
त्या दाराशी न बोलायची त्यांना सवय लागलीय.
सभेत हुंदऱ्यांना ते काय म्हणाले
ते मी इतिवृत्तात लिहिलंय,
हुंदरे काय म्हणाले तेही,
दोन्ही खोडून.

पण एप्रिलमध्ये, पहाटे पाचला,
मी दूध घ्यायला दार उघडलं तेव्हा
सर भिंतीवरनं पाइप टाकून
अकरा नंबरच्या कढीपत्त्याला पाणी देत होते.
टँकरचं पाणी, विकतचं.
मी दार परत लावून घेतलं.
दूधवाल्याला थोडा वेळ बाहेर थांबावं लागलं.

तर, घर चांगलं आहे. न्हाणीचा उतार तेवढा उलटा आहे.
घ्यायचं तर थकबाकी किमतीतनं वळती करून घ्या,
आणि ते कागदावर घ्या, तोंडी नको.
सभा दुसऱ्या रविवारी, टाकीखाली,
खुर्ची ज्याची त्यानं आणायची.

नाव काय म्हणालात?
थांबा, चष्मा कुठं ठेवला...
सांगा. दोन्ही अक्षरांत लिहून ठेवते,
पेन्सिलनं.