अळणी पाव

स्पोलेतोची बस बोगद्यातून बाहेर पडते
आणि खाली एकदम नेरा दिसते,
हिरवी, घाईत, मला न ओळखणारी.
बारा वर्षांनी येतेय.
ड्रायव्हर नवा, रेडिओवर फुटबॉल.
कड्यावरचं पिवळं जिनेस्त्रा तेवढं
जिथल्या तिथे.

मी पाठ केलेलं गाव घोकत बसते:
वेशीची कमान, डावीकडे झरा,
तीन पायऱ्या, चौथी तुटकी,
मग देल्मोचं दुकान.
भूकंपाचं बातम्यांत पाहिलं होतं.
पण बातमीत गाव वरून दिसतं,
आणि वरून
कुठलंच गाव आपलं वाटत नाही.

कमान उभी आहे,
लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली,
हात मोडून घेतलेल्या पोरासारखी.
पलीकडे जाळी, लाल फलक, गुडघाभर गवत.
झरा मात्र आत वाहतोच आहे.
त्याला कुणी सांगितलंच नसावं.

गाव आता खाली, सपाटीवर.
लाकडी घरं, सगळी एका मापाची, दारांवर आकडे.
तात्पुरती आहेत, म्हणाले होते.
कुंड्यांतल्या जिरेनियमची खोडं
मनगटाएवढी झालीत.

सोळा नंबरात देल्मो.
समोरच्या खोलीत दुकान: मसूर, मेणबत्त्या,
टांगलेली सॉसेजं, कालचे पाव.
मी म्हटलं, तुमचे चार युरो चाळीस देणं लागते.
पाव आणि पेकोरीनोचा तुकडा, शेवटच्या संध्याकाळी.
कार्डाचं यंत्र बंद होतं, तुम्ही वहीत लिहिलंत.
सकाळी सहाच्या बसला दुकान उघडलं नव्हतं.

त्याने चष्मा कपाळावर चढवला.
‘वही वर राहिली,’ म्हणाला,
आणि हनुवटीने डोंगर दाखवला.
‘सगळ्या गावाची उधारी एका रात्रीत माफ.
मला न विचारता.
मग महिन्याभराने लोक यायला लागले.
एर्सीलिया म्हणाली, माझे एकतीस.
ओरेस्ते, जन्माचा चिकट,
म्हणाला शहाऐंशी. मला तर सत्तरच आठवत होते.
समुद्राकाठच्या हॉटेलांत नेऊन ठेवलेले
तिथून पाकिटं पाठवायचे.
काही आले नाहीत.
त्यातले दोघे येऊच शकणार नव्हते.’

फ्रीज गुरगुरला. बाहेर कुणीतरी
सायकलची घंटी उगाच दोनदा वाजवली.

मला सांगायचं होतं की माझ्या भाषेत
खाल्ल्या मिठाला जागतात माणसं.
माझ्या मोडक्या इटालियनमध्ये ते असं पोचलं:
तुमचं मीठ खाल्लं, म्हणून झोप येत नाही.
देल्मो हसून हसून खोकायला लागला.
‘पण सिन्योरा, आमच्या पावात
मीठच नसतं!’

खरंच की.
पहिल्यांदा आले तेव्हा मीच तोंड वाकडं केलं होतं,
काय हा अळणी पाव, म्हणून.
तिसऱ्या दिवशी कळलं,
तो चीजसाठी जागा सोडून असतो.
आणि घरी परतल्यावर कित्येक महिने
प्रत्येक घास खारट लागायचा.

मी दहाची नोट पुढे केली.
सुट्टे नव्हते त्याच्याकडे. खण उपसला:
खिळे, रबरबँड, एक जुनी किल्ली
जिचं दार आता कुठे असणार.
ती त्याने उचलली, पाहिली,
परत ठेवली, खण लावला.

मग नवी वही काढली. नाव विचारलं.
हेमलता.
त्यांच्याकडे ह मुका. ‘एमालाता,’ त्याने लिहिलं,
पुढे पाच साठ, आणि खाली
स्वतःचीच सही, जपून, शाळकरी पोरासारखी.
‘आता देणेकरी मी,’ म्हणाला.

परतीची बस चार वीसला.
एर्सीलिया दारातच बसली होती, मसूर निवडत,
इवलेसे, मातकट, वरच्या पठारावरचे.
मी शेजारी टेकले. तिने काही न विचारता
अर्धं ताट माझ्याकडे सरकवलं.

खडा सापडला की ती ‘एक’ म्हणायची,
मी ‘दोन’.
सात झाले तेव्हा
बस वळणावर दिसली.
मी आठवा शोधत होते.