छाट

विडी घरकुलात पाणी येतं पाचव्या दिवशी,
रात्री अडीच-तीनला.
मोटार लावायला उठलो तर आई जागीच.
भिंतीला टेकून, मांडीवर रिकामं सूप,
विड्या वळतेय.

ना पान, ना तंबाखू, ना दोरा.
नुसती बोटं.
चिमूट पसरायची, वळायचं,
नखानं तोंड दुमडायचं.
पंचवीस झाल्या की म्हणते, कट्टा.
तेवढा एक शब्द राहिलाय,
बाकी मराठी गेली.
उरली ती तेलुगू, तीही तिच्या आईच्या गावची,
मला निम्मी कळते.

मला ती चेकर समजते.
कारखान्यातला,
मूठभर विड्या उचलून छाट म्हणून फेकायचा
आणि वर पानांचे पैसे कापायचा, तो.
घास भरवतानाही खालून बघते माझ्याकडे,
चाळीस वर्षं त्याच्याकडे बघितलं तसं.

यल्लव्वाकाकूला बसवून मी टॉवेलच्या लूमवर जातो.
अर्धी पाळी, अर्धा पगार.
मालक म्हणतो, अंबादास, बाई ठेव की एखादी.
भिवंडीहून बहीण म्हणते, अण्णा, आईला जप.
जपतो की.

गेल्या मंगळवारी लाईट नव्हती.
तिसऱ्यांदा लुगडं बदललं,
वर भात थुंकला तिनं माझ्या अंगावर.
मनगट धरलं मी.
मर की एकदाची, म्हणालो.
मराठीत म्हणालो.
तिला कळलं नसेल.

कळलं नसेल.

दुसऱ्या दिवशी सिव्हिलला न्यायचं होतं.
बेचाळीसच्या उन्हात
लांब बाह्यांचा झंपर घातला तिला.
डॉक्टरीणबाई नवीनच.
पट्टा बांधायला बाही वर सारली,
चार बोटं उमटलेली बघितली,
काहीच बोलल्या नाहीत.
आईचा पट्टा सोडून
माझ्या दंडाला गुंडाळला.
शेवटचं कधी झोपलात?
मला हिशेब लागेना.
एकशे सत्तर, त्या म्हणाल्या,
आणि आईच्या केसपेपरच्या कोपऱ्यात
पेननं माझं नाव लिहिलं.
कुणी माझं नाव कागदावर घेतल्याला
वर्षं झाली असतील.
बाहेर येऊन चपलांच्या ढिगाशी उभा राहिलो बराच वेळ.
आई पदर ओढत होती, घरी चल म्हणून.
का कारखान्यात चल म्हणून, कोण जाणे.

आता तिनं ओंजळ पुढं केलीय.
घेतो.
मोजायचं असतं, मोजतो.
अन्नी बागुन्नय, म्हणतो, सगळ्या चांगल्या आहेत.
तिचा विश्वास बसत नाही.
असा चेकर तिनं बघितलेला नाही.
तळहातावर वाकते माझ्या,
दोन बोटांनी काहीतरी उचलते,
उजेडाकडं धरून फिरवते
आणि स्वतःच बाजूला टाकते.
छाट.

दुसरा शब्द आठवला तर तिला.

खाली नळ कधीच गेलाय,
मोटार नुसती हवा ओढतेय.
बंद करायला हवी.
हात पसरून बसून राहतो.
अजून चोवीस आहेत त्यात.